डब्यात भिजलेली हलगी

सीडीवर गाणं नसतं. हे वाक्य मी दुकानात इतक्या जणांना ऐकवलंय की माझी बायको म्हणते, एकदाचं पाटीवरच रंगवून घ्या. सीडीवर आकडे असतात. नुसते आकडे, एकामागोमाग एक, सेकंदाला हजारोंनी. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा जो भाग असतो त्याला आमच्या धंद्यात डॅक म्हणतात. प्रत्येक सीडी प्लेअरच्या पोटात तो असतोच. पण हौशी माणसं तो वेगळ्या डब्यात करून घेतात, कारण वेगळा असला की हवा तसा घडवता येतो. तो घडवून देणं हे माझं काम. कोल्हापुरात, उद्यमनगरात, फौंड्र्या आणि लेथच्या खडखडाटात बसून मी लोकांच्या दिवाणखान्यातला आवाज जुळवून दिला. या गोंगाटात जे ऐकू येतं ते घरी नक्कीच ऐकू येणार, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. निम्मं खरं होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. हे मी कुणी न विचारता सांगतो. आबा, म्हणजे माझे वडील, हातकणंगले स्टेशनच्या पट्ट्यात रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं. ढिली चावी नुसत्या डोळ्याला कळत नाही, ठोकल्यावर कळते. घट्ट असली की टण् वाजते, ढिली असली की थप्. त्या टण् आणि थप्‌वर आमचं घर चाललं. पण तुमचा कान एवढा तयार कसा, असं कुणी विचारलं की मी भिंतीवरच्या डिग्रीकडं बोट दाखवायचो. आबांचं नाव घ्यायचं मला सुचायचं नाही. ते सुचायला एक माणूस आजऱ्याकडून एस्टीनं यावा लागला.

त्याच्याकडं येतो, पण आधी माझा नावलौकिक सांगायला हवा, कारण घोटाळा त्यातूनच झाला.

नव्वदच्या दशकात मी टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचो. मग सीडी आल्या, आणि ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअरवर ऐकायची सवय होती ते तक्रारी घेऊन यायला लागले. आवाज स्वच्छ आहे, पण टोचतो. त्यांत एक आण्णा होते. जैन घरातले, गुळाचे व्यापारी, पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. ते स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि गुळाच्या भाषेत बोलायचे.

"साहेब, पाक पुढं गेलाय बघा. एक उकळी आधी उतरवा."

मला आधी हसू यायचं. मग लक्षात आलं की आण्णांनी माझा धंदा माझ्यापेक्षा चांगला सांगितला होता. ऊस तोच, रस तोच, रस उकळायची काहीलही तीच. पण गूळ कसा होणार ते काहील कधी उतरवायची हे ठरवणाऱ्या गुळव्याच्या हातात. सीडीवरचे आकडे म्हणजे रस. आकड्यांचा आवाज करणारी आयसी म्हणजे काहील. आणि तिच्या पुढं कुठला कंडेन्सर लावायचा, कुठली ॲम्प्लिफायरची आयसी, वीज कुठून किती गाळून द्यायची, हे ठरवणारा गुळव्या मी.

आण्णांसाठी मी एक लहानसा कंडेन्सर नेहमीपेक्षा मोठा घातला. त्याचं काम सोपं आहे. आवाजाला ज्या धारा असतात त्या तो पॉलिशपेपर मारल्यागत गोल करतो. आण्णा तासभर ऐकत बसले, उठताना म्हणाले, "आता पिवळाधमक उतरला." मग त्यांच्या ओळखीनं गडहिंग्लजचे एक डॉक्टर आले, मग वकील, मग साखर कारखान्याचे इंजिनिअर. सगळ्यांना तोच गोडवा हवा. "कांबळे साहेबांचा आवाज" असं लोक म्हणायला लागले. रुळावर चाव्या ठोकणाऱ्याच्या पोराच्या नावानं आवाज ओळखला जातोय, याचा मला गर्व होता. तोच कंडेन्सर मी मग न विचारता प्रत्येक डब्यात घालायला लागलो.

एक प्राध्यापक गिऱ्हाईक होते. दर महिन्याला डबा घेऊन यायचे, "अजून थोडी खोली हवी." एकदा मी वैतागून नुसतं झाकण उघडलं, परत लावलं आणि दिला. ते ऐकून म्हणाले, "वा! आता कसं!" मी तिथंच हसलो आणि खरं सांगून टाकलं. ते परत आले नाहीत. सांगायला नको होतं, हे नंतर कळलं. माणसाला जे ऐकायची सवय लागते तेच तो ऐकतो, आणि त्यात मी स्वतःला धरलंच नव्हतं.

दोन हजार साल उलटून तीनेक वर्षं झाली असतील. दुपारची वेळ, दारात एक साठीचा उंच माणूस. डोक्याला तांबडा पटका, हातात स्टीलचा जेवणाचा डबा.

"पावणं, आवाज दुरुस्त करत्यात ते दुकान ह्येच न्हवं?"

"आवाज नाही, मशीन दुरुस्त करतो."

"मंग चुकलो की काय," असं म्हणत ते आत आले आणि बसलेही. डबा उघडला. आत भाकरी नव्हती. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली एक सीडी होती.

"ह्यात माझा बा हाय."

त्यांचं नाव सर्जेराव. आजऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले हलगीवाले. वडीलही हलगीवाले, कुस्त्यांच्या मैदानात वाजवायचे. मैदानात हलगी नुसती शोभेला नसते. दोन मल्ल एकमेकांना धरून नुसतेच उभे राहिले, कुस्ती बसली, की हलगीवाला चाल बदलतो आणि मल्लही उठतात, लोकही उठतात. सर्जेरावांच्या वडिलांची एक चाल त्यासाठी सगळ्या भागात माहीत होती. आखातात असलेल्या कुणा पाव्हण्यानं आपल्या भारी टेपरेकॉर्डरवर ती एका मैदानात भरून घेतली होती. पुढं ती कॅसेट टेपात गुंतून फाटली, पण त्याआधी कुणीतरी शहाणपणानं तिची सीडी करून ठेवली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"हलगीला दोन हात असत्यात," सर्जेराव म्हणाले. "उजव्यात जाड टिपरू. डाव्यात बारीक लांब काडी. टिपरू समद्यांस्नी ऐकू येतंय. चाल काडीत असत्या. बानं मला उजवा शिकिवला. डावा न्हाय शिकिवला. म्हणायचा, डावा ज्येचा त्येनं हुडकायचा. मी हुडकस्तवर त्यो ग्येला."

"मग सीडी ऐका की."

"लई ऐकली. गावातल्या डबड्यावर काडी ऐकूच येत न्हाय. आवाजाचं बटन फिरिवलं, तर शिट्ट्या वाढल्या, माणसं वाढली, बा हाय तिथंच." मग ते आपलं उजवं मनगट डाव्या हातानं चोळत म्हणाले, "आता ह्ये धरतंय. फार तर दोन-तीन जत्रा निघतील. दोघंजण माझ्याकडं शिकाय येत्यात. त्यांस्नी काय द्यू? निम्मी हलगी?"

मी म्हटलं, बसा, आत्ता दाखवतो. आणि सीडी माझ्या सगळ्यात चांगल्या डब्यावर लावली. ज्यावर डॉक्टर-वकील माना डोलवायचे तोच डबा.

सर्जेराव गुडघ्यावर हात ठेवून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "ग्वाड हाय आवाज."

मी खूश.

"पर हलगी शेकल्याली न्हाय."

हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात. चामडं ताणलं गेलं की कडक वाजते. न शेकलेली हलगी दमट, बसक्या आवाजाची. एवढं मलाही ठाऊक होतं. म्हणून मी म्हणालो, "त्या दिवशी शेकली नसेल वडिलांनी. रेकॉर्डिंगमध्ये आहे तेच ऐकू येणार."

"बा?" सर्जेराव उभेच राहिले. "माझा बा न शेकता वाजवंल? तीनदा शेकायचा त्यो! मल्ल थांबतील, पंच थांबतील, बा शेकल्याबिगर मैदानात पाय ठेवायचा न्हाय. पावणं, हलगी मैदानात कोरडी हुती. तुमच्या डब्यात भिजली."

मला राग आला. खोटं का बोला. माझ्याकडं ऑसिलोस्कोप होता, आवाजाची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र. मी तो सुरू केला, डब्यातून सूर सोडला, आणि सरळसोट नितळ लाट त्यांना दाखवली. बी.एस्सी.चा सगळा रुबाब त्या लाटेत होता.

सर्जेरावांनी वाकून बघितलं. "रेघ झ्याक हाय की. हलगी कुठाय हिच्यात?"

मग त्यांनी सीडी परत फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि डबा माझ्याच टेबलावर ठेवून दिला. "ऱ्हाऊ द्या हितंच. तुमी चिडलासा, म्हंजे करशीला. पुढल्या बेस्तरवारी येतो."

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते सांगत नाही. आयसी बदलल्या, ट्रान्सफॉर्मर बदलला, वायरी बदलल्या. कंडेन्सरला मात्र हात लावला नाही. तो माझा होता ना. आणि खरी अडचण वेगळीच होती. हलगी कशी वाजायला हवी हेच मला माहीत नव्हतं.

त्याला कारण आहे. माझा आजा हलगी वाजवायचा. हौसेनं नव्हे, गावानं लावलेलं काम म्हणून. कुणाच्याही दारात, बोलावतील तेव्हा, मागं उभं राहून. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि आज्यानं खुंटीवरची हलगी काढून जाळली. तेव्हापासून आमच्या घरात ती वाजली नाही, आणि गावात वाजायला लागली की आबा उठून दार लावून घ्यायचे. त्या बंद दाराआड मी अभ्यास केला. आज्यानं केलं ते बरोबर केलं असं मी आजही म्हणतो. तो जाळ झाला नसता तर भिंतीवर डिग्री आली नसती. पण आवाजाच्या माणसाचा एक कान त्या दारामागं राहून गेला, हेही खरं.

बेस्तरवार म्हणजे गुरुवार. त्या गुरुवारी सकाळी आबा आले. ते तेव्हा रिटायर झाले होते. दर गुरुवारी दवाखान्यात रक्तदाब दाखवायचा, मग माझ्या दुकानात पेपर वाचत बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं हातकणंगल्याला परत, असा त्यांचा नेम. ते इतक्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं. सीडी चालू होती. मी धडपडत बटणाकडं गेलो.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

ते उभेच होते. पेपर काखेत. चेहऱ्यावर काही दिसेना. चाल संपली तेव्हा म्हणाले, "वल्ली हाय रं."

"काय?"

"हलगी. वल्ली हाय. कुणी वाजिवली ही?"

दोन माणसं, एकमेकांना न भेटलेली, आणि तक्रार एकच. प्राध्यापकांची आठवण झाली. झाकण उघडून परत लावणारा मी, आणि त्या डब्याला वा म्हणणाराही मीच.

मी सगळी हकीकत सांगितली. काडी सापडत नाही म्हणून सांगितलं. आबा खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "तू ती कुठं हुडकतोयस?"

"टिपऱ्याच्या ठोक्यानंतर. दोन ठोक्यांच्या मध्ये."

"मागनं न्हाय येत ती. आदी येत्या. टिपरू पडायच्या केसभर आदी. काडी वाट दावत्या, टिपरू जातंय."

मी स्कोपवर नीट बघितलं. प्रत्येक मोठ्या ठोक्याच्या चढणीला, अगदी पायथ्याशी, एक बारीकसा फुगवटा होता. आठवडाभर तो मला चढणीचाच भाग वाटला होता. माझ्या गोड कंडेन्सरनं काडी घासून टिपऱ्यात मिसळून टाकली होती. ज्या कामासाठी लोक माझं नाव घेत होते, तेच काम सर्जेरावांच्या बापाचा डावा हात पुसत होतं.

मी सोल्डरिंग आयर्न तापवली आणि माझा कंडेन्सर काढला. त्याच्या जागी दहाव्या हिश्श्याचा घातला, पुढची आयसी जलद घेतली. आबा पेपर उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हते. सीडी लावली. शिट्ट्या टोचत होत्या, टेपची सरसर ऐकू येत होती, आण्णांनी ऐकलं असतं तर पाक करपला म्हणाले असते. आणि त्या सगळ्याच्या वर, कोरड्या फांदीगत, टिक्. मग टिपरू. टिक्-टिक्. मग टिपरू.

"आता शेकली," आबा पेपरामागून म्हणाले.

दुपारी सर्जेराव आले. मी डबा सुरू केला. पहिल्या दहा ठोक्यांतच त्यांचा डावा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि बोटं हवेत हलायला लागली. चारदा ऐकलं, पाचव्यांदा ऐकलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मधूनच हसायचे, "बघा लबाड! बघा कसा लपवून बसला हुता!"

पण एका जागी हात अडकायचा. मैदानात तिथं कुणीतरी मायक्रोफोनच्या तोंडाशीच शिट्टी मारली होती. तीन ठोक्यांपुरती. त्या तीन ठोक्यांतली काडी शिट्टीखाली गेली होती. मी सांगितलं, इथं मी काही करू शकत नाही. सीडीवर जे आकडे चढलेच नाहीत ते कुठला डबा आणणार?

सर्जेरावांचा चेहरा उतरला. "नेमकी तितंच चाल उठती. तितंच मल्ल उठायचं."

आबांनी पेपर बाजूला ठेवला. मग आबा म्हणाले, "लाव रं ती जागा."

मी लावली. आबांनी टेबलावरचा माझा लांब टेस्टर उचलला. डाव्या हातात. शिट्टी आली तसा त्यांनी तो लाकडी स्टुलाच्या कडेवर वाजवला. तीन ठोक्यांना मिळून सात टिचक्या, आधी दोन, मग दोन, मग तीन, आणि शिट्टी संपते तिथं सीडीतल्या काडीला जाऊन बरोबर मिळाले. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तसंच.

"ह्येच असणार," आबा म्हणाले. "दुसरं काय बसत न्हाय तितं."

सर्जेराव बघतच राहिले. "पावणं, तुमास्नी कसं कळलं?"

"रुळावर चाव्या ठोकल्यात जलमभर."

"ह्यो चाव्यांचा हात न्हवं, पावणं."

आबांनी टेस्टर खाली ठेवला. "चा सांग रं पाव्हण्यास्नी," मला म्हणाले. चहा झाला. सर्जेराव जाताना त्यांच्या पाया पडायला वाकले तर आबांनी त्यांचे दोन्ही हात वरच्यावर धरले. "पाया पडायचं न्हाय. आमी ते सोडलंय."

संध्याकाळी स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, "तुम्ही वाजवायचा, आबा?"

"अठरा वर्साचा हुईस्तवर. तुझ्या आज्याच्या शेजारी."

"कधी बोलला नाहीत."

"सोडली ती बरूबर सोडली. त्यात बदल न्हाय. आपल्याला दुसऱ्याच्या दारात वाजवाय लावत हुते. सर्जेराव आपल्या मर्जीनं मैदानात वाजिवतो. ह्ये येगळं हाय. आन् त्येच्या बाचा हात चांगला हुता रं. लई चांगला हुता." गाडी आली, तो विषय संपला.

त्यानंतर केलेल्या प्रत्येक डब्याला मी मागं एक बटण बसवलं. एका बाजूला लिहिलं 'गोड', दुसऱ्या बाजूला 'शेकलेला'. मला शोध वगैरे लावल्याचा आव आणायचा नाही. दोन कंडेन्सर आणि एक स्विच, त्यात काय आहे? पण न विचारता माझाच आवाज लोकांच्या गळ्यात घालायचं मी बंद केलं. आण्णा आयुष्यभर 'गोड'वरच ऐकत राहिले आणि दुसऱ्या बाजूला "करपट" म्हणत राहिले. त्यांचंही बरोबरच होतं. ज्याचा त्याचा गूळ.

वसंतात, जत्रांच्या दिवसांत, असाच एक गुरुवार. आबा पेपर वाचत बसलेले. फोन वाजला. पलीकडं प्रचंड गलका आणि एक तरणा आवाज, ओरडत:

"कांबळे साहेब काय? मैदानातनं बोलतोय! सर्जेराव वस्ताद म्हणल्यात नुसतं धरून ऱ्हावा, बोलू नगा!"

मोबाईल तेव्हा नवे होते, आजऱ्याच्या डोंगरातून येणारी रेंज म्हणजे काय सांगावं. आवाज तुटत होता, बुडत होता. माझ्या सगळ्या धंद्यात मी इतका खराब आवाज ऐकलेला नाही. त्यात ना धार, ना खोली. पण हलगी सुरू झाली आणि टिपऱ्याच्या केसभर आधी मला काडी ऐकू आली. कुठं ऐकायचं ते आता मला माहीत होतं. मी त्या जागेची वाट बघत राहिलो. ती आली. शिट्टी नव्हती. दोन, दोन, तीन. आणि त्यापाठोपाठ मैदान उठल्याचा आवाज, सगळा एकदम.

मी रिसीव्हर आबांच्या कानाला लावला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. चाल फिरून दुसऱ्यांदा त्या जागेला आली असावी, कारण त्यांचं डावं बोट पेपरावर हललं. फोन आपसूक कट होईपर्यंत ते ऐकत राहिले. मग रिसीव्हर त्यांनी स्वतःच जागेवर ठेवला आणि पेपरची घडी मोडली.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"शेकलीया," आबा म्हणाले, आणि पान उलटलं.